भाकरीची वेळ टळू देऊ नये

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

आजचं वाचन : श्री गजानन विजय ग्रंथ, अध्याय ५ वा. सोबत अध्याय १६ मधली एक गोष्ट.



गेले चार दिवस आपण रोज एक अध्याय याप्रमाणे पोथी वाचतो आहोत. पाचवा अध्याय आला की मी दरवेळी थोडी थबकते. यात अकोलीच्या भास्कर पाटलांची गोष्ट आहे, आणि तसा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या घरात रोज येतो. माणूस कामात आहे, डोक्यावर ऊन आहे, काम अर्धं झालंय, आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन समोर उभं राहतं. थांबायचं, की काम पुढे रेटायचं?

भास्कर पाटलांकडे जाण्याआधी महाराजांचं सगळं चरित्र एकदा डोळ्यांपुढून घालूया. रोज पोथी वाचणाऱ्यांना ते पाठच आहे. तरी आज जरा वेगळ्या बाजूनं बघू. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवू आणि महाराजांचं खाणंपिणं, बसणं-उठणं बघू. आणि ज्यांनी त्यांच्यासाठी हातातलं काम खाली ठेवलं, ती माणसं बघू.

माघ वद्य सप्तमी, २३ फेब्रुवारी १८७८. शेगाव तेव्हा आजच्यासारखं यात्रेचं गाव नव्हतं. आगगाडी आलेली होती, वऱ्हाडात कापसाची आणि धान्याची उलाढाल जोरात होती, शेजारचं खामगाव तर कापसाची मोठी बाजारपेठ. म्हणजे व्यापाराचा, कामाचा मुलूख. त्या दिवशी देविदास पातुरकरांच्या घरी कार्य होतं. जेवणं उरकल्यावर उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या होत्या. तिथे एक तरुण बसला होता. अंगात फाटकी बंडी, जवळ पाणी प्यायला दुधीभोपळ्याचा तुंबा आणि मातीची चिलीम. पत्रावळीवर राहिलेली शितं तो शांतपणे वेचून खात होता.

रस्त्याने बंकटलाल अग्रवाल आणि त्यांचे मित्र दामोदरपंत कुलकर्णी चालले होते. बंकटलाल व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा. रस्त्यानं जाणारे-येणारे पुष्कळ असतील, पण थांबले ते हे दोघं. मला या गोष्टीतली पहिली मोठी घटना हीच वाटते. त्यांनी आतून वाढलेलं पान आणून पुढे ठेवलं. महाराजांनी सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि खाल्ले. गोड वेगळं, तिखट वेगळं असं काही नाही. दामोदरपंत पाणी आणायला गेले, तोवर हे जनावरांच्या हाळावर जाऊन पाणी पिऊन मोकळे. आणि मग निघून गेले. बंकटलालला पुढे दिवसभर काही सुचेना, घरी जेवण जाईना.

थोड्या दिवसांनी गोविंदबुवा टाकळीकरांचं कीर्तन गावात होतं. बंकटलाल आणि पितांबर शिंपी कीर्तनाला निघाले, तर मंदिरामागे महाराज बसलेले दिसले. बंकटलालला वाटलं, घरून पक्वान्न आणावं. महाराजांनी सांगितलं, शेजारच्या माळिणीच्या घरून चून-भाकर आण. चून म्हणजे आपलं पिठलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, वऱ्हाडात आजही जुनी माणसं पिठल्याला चून म्हणतात. ज्या घरात रोज चूल पेटते आणि रोज तेच शिजतं, त्या घरचं ते अन्न. महाराजांनी ते तृप्त होऊन खाल्लं.

इथून पुढची ३२ वर्षं महाराज शेगावात आणि आसपास राहिले. तोंडात सतत चाललेल्या गणगण जपावरून लोक त्यांना गजानन म्हणू लागले. ते कुठून आले, आईवडील कोण, काही कुणाला कळलं नाही. त्यांनी स्वतः कीर्तन केलं नाही, ग्रंथ लिहिला नाही, मठाचा पसारा हौसेनं मांडला नाही. मग त्यांनी केलं काय? पोथी नीट वाचली तर दिसतं, की ते लोकांच्या घरी, शेतात, ओट्यावर, झाडाखाली बसले. लोकांबरोबर खाल्लं, चिलीम ओढली, मुलांची मस्ती सोसली. आणि बसता बसता लोकांची आयुष्यं बदलली.

चौथ्या अध्यायातली चंदू मुकिनाची गोष्ट कालच आपण वाचली. ज्येष्ठाचा महिना, लोक आंबे घेऊन आलेले. महाराजांनी मागितले कान्होले. तेसुद्धा ताजे नकोत, अक्षय तृतीयेला केलेले, उतरंडीत ठेवलेले होते तेच हवेत. चंदू म्हणत राहिला, ताजे करून आणतो. महाराज ऐकेनात. घरी जाऊन बघितलं तर उतरंडीत खरंच दोन कान्होले उरलेले. सुकले होते, पण खराब झाले नव्हते. घरातल्या बाईला सुद्धा आठवण नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या घरात आनंद असाच पडून असतो उतरंडीत. करून ठेवलेला असतो, आणि नंतरच्या धावपळीत विसरून गेलेला असतो. नवीन करायला सवड नाही म्हणून आपण रडतो, पण जे घरात आहे ते काढून बघत नाही.

सहाव्या अध्यायात, तो आपण उद्या वाचू, बंकटलाल महाराजांना मळ्यात घेऊन जातात. कशाला? तर मक्याची कणसं खायला. विहिरीजवळ चिंचेची सावली, आगट्या पेटवलेल्या, मंडळी जमलेली. दुसरं कारण काही नाही. धुरामुळे आग्यामोहोळ उठलं, मंडळी पळाली आणि महाराज एकटे शांत बसून राहिले, हे आपण उद्या सविस्तर बघूच. पण त्या आधीचं चित्र विसरू नका. घरचा व्यापार सांभाळणारा एक कर्ता माणूस गुरूला घेऊन शेतात कणसं भाजतोय. पुढे सातव्या अध्यायात पाटलांची पोरं ऊस घेऊन महाराजांना झोडपायला येतात, आणि महाराज रागावत नाहीत, उलट दमलात रे बाबांनो अशा मायेनं तेच ऊस हातानं पिळून त्यांना रस पाजतात. कणीस, उसाचा रस, चून-भाकर, शिळा कान्होला. किती साध्या गोष्टींनी भरलीय आपली पोथी.

आता आजचा अध्याय.

महाराज फिरत फिरत अकोलीच्या शिवारात आले. भर दुपार. ऊन असं की जमीन भाजतेय. तहान लागली. जवळच्या शेतात भास्कर पाटील कामात होते. त्यांच्याजवळ मातीच्या घागरीत पाणी होतं. महाराजांनी पाणी मागितलं. भास्कर पाटलांनी दिलं नाही. वर सुनावलं, की हे पाणी मी गावातून डोक्यावर वाहून आणलंय, तू धडधाकट असून काम करत नाहीस, तुझ्यासारख्याला पाणी पाजण्यात पुण्य नाही. महाराज हसले आणि जवळच्या विहिरीकडे निघाले. भास्कर पाटलांनी मागून सांगितलं, की ती विहीर १२ वर्षांपासून कोरडी आहे. महाराज तिथे जाऊन बसले, डोळे मिटले, विठ्ठलाला आळवलं. पोथी सांगते, विहिरीला पाझर फुटला आणि ती भरून आली. महाराज पाणी प्यायले. भास्कर पाटलांनी हातातलं काम टाकलं, धावत आले, पाय धरले, आणि शेतीवाडी मागे ठेवून महाराजांबरोबर निघाले. ते पुढे शेवटपर्यंत महाराजांजवळ राहिले. द्वारकेश्वराला त्यांची समाधी आहे.

आता मंडळी, प्रामाणिकपणे बोलू. भास्कर पाटलांचं बोलणं चुकीचं होतं का? मी शेतकऱ्याची मुलगी आहे. माझं माहेर शेगाव-खामगावच्या पट्ट्यातलं, कापसाचं आणि सोयाबीनचं. गावातून पाणी डोक्यावर आणणं म्हणजे काय, ते मी आईकडे बघून शिकले. राबणाऱ्या माणसाला काम न करणाऱ्याचा राग येतो, त्यात नवल नाही. कामाचा आदर करावा, हे आपल्या मुलखात कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून मागे एकदा वाचनाला येणाऱ्या एका काकूंनी मला विचारलं होतं, की मग काय सगळ्यांनीच औत सोडून देवाच्या मागे जायचं का? पोरांच्या तोंडात कोण घालणार? माझ्याजवळ तेव्हा पटकन उत्तर नव्हतं. प्रश्न खरा आहे, त्यामुळे तो टाळायचा नाही.

मी अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या लक्षात आलं ते असं. भास्कर पाटलांची अडचण ते काम करत होते ही नव्हती. कामाने त्यांची नजर आखूड करून टाकली होती, ही होती. घागर जवळ होती, पाणी होतं, समोर तहानलेला माणूस होता. घोटभर पाणी द्यायला किती वेळ लागतो? पण कष्टाचा हिशोब मनात इतका पक्का बसलेला, की घोटभर पाणीसुद्धा त्या हिशोबात मोजलं गेलं. आणि मला दुसरी गोष्ट त्या विहिरीची वाटते. विहीर त्यांच्याच शिवारात होती. रोज बाजूने जायचे. ती कोरडी आहे हे त्यांनी १२ वर्षांपूर्वी मनाशी ठरवून टाकलं होतं. महाराजांनी काय केलं? ते विहिरीपाशी बसले. नुसते बसले. कामाच्या माणसाला जे जमत नाही नेमकं तेच केलं.

माउली, आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक विहीर असते. नवराबायकोचं निवांत बोलणं, म्हाताऱ्या आईजवळ बसणं, सकाळी अंगणात सडा घालताना येणारा मातीचा वास, मुलाबरोबर खेळलेला एक डाव. आता त्यात काही राहिलं नाही, आता वेळ गेली, असं आपणच ठरवतो आणि पाणी मात्र लांबून डोक्यावर वाहून आणतो.

पण याच पोथीत सोळाव्या अध्यायात एक दुसरी गोष्ट आहे, म्हणून ती आज सोबत घेतली. ही गोष्ट नसती तर काकूंचा प्रश्न मला सुटला नसता.

भाऊ कवर नावाचा मुलगा. हैदराबादला डॉक्टरीचं शिक्षण घेत होता. सुटीत अकोल्याला आला. त्याच्या मनात आलं, की महाराजांना त्यांच्या आवडीचं जेवण न्यावं. महाराजांची आवड तर सगळ्यांना माहीत. ज्वारीची भाकर, कांदा, हिरवी मिरची, चून, अंबाडीची भाजी. घरात वहिनीला सांगितलं, तिने मायेनं सगळं करून दिलं. शिदोरी बांधून हा स्टेशनावर पोचला तर दुपारची गाडी निघून गेलेली. पुढची गाडी यायला तीन तास. पोराचं तोंड उतरलं. महाराजांच्या जेवणाची वेळ होऊन जाईल, मोठ्या मोठ्या लोकांचे नैवेद्य आलेले असतील, माझी कांदा-भाकर कोण विचारतो?

तिकडे शेगावात काय चाललं होतं? नैवेद्याची ताटं येत होती, पक्वान्नं वाढली जात होती, आणि महाराज जेवायला बसत नव्हते. बाळाभाऊ आणि बाकीचे भक्त विनवून थकले. चार वाजेपर्यंत महाराज तसेच थांबले. भाऊ कवर शिदोरी घेऊन पोचला, तेव्हा ती कांदा-भाकर महाराजांनी आनंदाने खाल्ली आणि उरलेली प्रसाद म्हणून वाटली. मग त्या मुलाला काय सांगितलं? शिक्षण सोड, माझ्यामागे ये, असं नाही. अकोल्याला परत जा, पुढच्या वर्षी तू डॉक्टरीची परीक्षा पास होशील, असा आशीर्वाद दिला.

हे बघितलंत? भास्कर पाटलांना शेत सोडू दिलं, आणि भाऊ कवरला अभ्यासाला परत पाठवलं. दोघांना एकच औषध दिलं नाही. महाराज कामाच्या विरोधात नव्हते. ज्याची घागर त्याच्या डोळ्यांवर पडदा होऊन बसली होती, त्याची घागर सोडवली. ज्याला अभ्यासातूनही तीन भाकऱ्यांची शिदोरी सुचली होती, त्याचं काहीच सोडवायची गरज नव्हती. त्याला फक्त थांबून खाल्लेल्या भाकरीचा आनंद दिला आणि कामाला लावलं.

याच्या उलट गोष्ट कारंज्याच्या लक्ष्मण घुड्यांची. श्रीमंत माणूस. महाराजांना मोठ्या थाटानं घरी नेलं, पूजा केली, सगळं तुमचंच आहे म्हणाले. महाराजांनी तिजोरीची खोली उघडायला सांगितली आणि त्यांचं मन मागे सरलं. महाराज त्या घरून न जेवता निघाले. पक्वान्नाचं ताट तसंच राहिलं. एका ठिकाणी कांदा-भाकरीसाठी चार वाजेपर्यंत उपाशी थांबणं, आणि दुसरीकडे भरलेल्या ताटावरून उठणं. अन्न तेच पोट भरतं, पण देणाऱ्याचं मन त्या ताटात असलं तरच ते गोड लागतं, एवढाच याचा अर्थ मी घेते.

आणि आता एक गोष्ट अशी, जी कामाचा विषय निघाला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०८ साली अकोल्याला शिवजयंतीची मोठी सभा झाली. लोकमान्य टिळक आले होते, महाराजही व्यासपीठावर होते. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पंधराव्या अध्यायात आहे, की खटला सुरू असताना दादासाहेब खापर्ड्यांनी अच्युतराव कोल्हटकरांना शेगावला पाठवलं. महाराजांनी त्यांच्याबरोबर टिळकांसाठी काय पाठवलं असेल? अंगारा नाही, ताईत नाही. ज्वारीची भाकर. टिळकांनी ती मुंबईत कुस्करून खाल्ली, असं पोथी सांगते. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेचा तुरुंग नशिबी आला, आणि तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिलं. म्हणजे बघा, कर्मयोगावरचा मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ ज्यांनी लिहिला, त्यांच्या शिदोरीत शेगावची भाकर होती. काम आणि भाकर, कर्तव्य आणि गोडवा, यांचं भांडण आपण लावलेलं आहे. महाराजांनी लावलेलं नाही.

गीतेतसुद्धा हेच आहे. सहाव्या अध्यायात भगवंत योग कुणाला साधतो ते सांगतात. ज्याचं खाणं मापात, विहार मापात, कामातले कष्ट मापात, झोप आणि जागणं मापात. विहार हा शब्द तिथे मुद्दाम आहे. विहार म्हणजे मोकळं हिंडणं, रमणं. भगवंताने तो कामाच्याही आधी घेतलाय. आपण खाणं घाईत, झोप अर्धी, कष्ट अमाप आणि विहार शून्य, असं गणित मांडतो आणि मग मन लागत नाही म्हणून देवाकडे तक्रार करतो.

आता माझ्या घरचं थोडं सांगते.

बाबांचं वय आता ७४. शेगावहून महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. महिनाभराचा रस्ता. पालखी निघते मृगाच्या तोंडावर. शेतकऱ्याला मृग म्हणजे काय ते सांगायला नको. आभाळ भरून आलं की बियाणं, खत, बैल, मजूर, उसनवारी, सगळं एकदम अंगावर येतं. बाबांना वारीला जायचं होतं. मला आठवतंय तेव्हापासून जायचं होतं. दरवर्षी पालखीला रस्त्यावर जाऊन हात जोडायचे, वारकऱ्यांना पाणी द्यायचे, आणि परत शेतात. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणत ४० वर्षं गेली. आता गुडघे राहिले नाहीत. डॉक्टर म्हणतात, जास्त चालायचं नाही.

मी यात बाबांना दोष देऊ शकत नाही. त्यांच्या त्या ४० पेरण्यांवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. त्यांनी वारी सोडली म्हणून मी आज टेबलाशी बसून हे लिहू शकते. हे ऋण आहे, आणि ते डोळ्यांत पाणी आणणारं आहे. पण यंदा दादाने ठरवलं, की पेरणी तो बघेल. बाबांनी फक्त पहिल्या टप्प्याला जायचं. जमेल तेवढं चालायचं, नाही जमलं तर मोटारसायकलवर मागे बसून पुढच्या विसाव्याला पोचायचं. बाबा आधी नाही म्हणाले. पाऊस आला तर? तिफण कोण धरेल? दादाने ऐकलं नाही. काल फोनवर बाबा मला विचारत होते, की वारीला पांढरा सदरा जुना चालेल की नवीन घ्यावा. ७४ वर्षांचा माणूस, आणि आवाज असा की शाळेच्या सहलीला निघालेलं पोर. पूर्ण वारी नाही होणार, आम्हाला माहीत आहे. पंढरपूर त्यांच्या पायांनी आता गाठलं जाणार नाही. पण सगळं नाही तर काहीच नाही, हा हिशोबही भास्कर पाटलांच्या घागरीसारखाच आहे. मोडायला हवा तो.

आणि काकूंचा प्रश्न? ज्याला रोजमजुरी बुडवून चालत नाही, त्याने काय करायचं? त्याचं उत्तर मला पुस्तकात नाही, आमच्या शेतात मिळालं. निंदणाला येणाऱ्या बाया दुपारी एक वाजता कडुनिंबाखाली बसतात. सगळ्यांच्या फडक्यांच्या गाठी एकदम सुटतात. एकीचा ठेचा दुसरीच्या भाकरीवर जातो, एकीचं लोणचं सगळ्यांत फिरतं. कुणाच्या घरी नातू झाला, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं दुखणं, सगळं तिथे निघतं. मग हसणं असं, की पलीकडच्या वावरात ऐकू जावं. अर्धा-पाऊण तास. त्यांच्या मजुरीत एक रुपया कमी होत नाही. त्या कामावरून उठून कुठे जात नाहीत, पण भाकरीची वेळ टळू देत नाहीत. उलट आम्ही शिकलेली माणसं डबा उघडतो कॉम्प्युटरसमोर, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने फोन. सवड कुणाला जास्त आहे, हे पगारावर ठरत नाही बहुतेक.

शेवटी महाराजांच्या निरोपाकडे येऊ. १९१० च्या आषाढीला महाराज हरी पाटलांबरोबर पंढरपूरला गेले. विठ्ठलाचा निरोप मागताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेगावला परतले. गणेश चतुर्थीला पार्थिव गणपती आणायला लावला, भक्तांबरोबर तो दिवस आनंदात घालवला. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, गुरुवार, ८ सप्टेंबर १९१०, देह ठेवला. जायचा दिवस माहीत असलेल्या माणसाने आदला दिवस सणात घालवला. राहिलेली कामं उरकत बसले नाहीत. मला या अध्यायापाशी नेहमी बोलणं सुचत नाही.

पुढे दासगणू महाराजांनी १९३९ साली २१ अध्यायांची ही पोथी लिहिली. दासगणू स्वतः आधी पोलीस खात्यात होते. नोकरीत वर चढायची त्यांना ओढ होती, ती सुटली आणि ते कीर्तनाला लागले. कदाचित म्हणूनच भास्कर पाटलांची गोष्ट त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने लिहिली असेल. आज शेगावच्या मंदिरात गेलात तर झाडू मारणारे, ताटं उचलणारे, रांगा लावणारे सेवेकरी बघा. कितीतरी जण गावोगावहून पाळीपाळीने येतात. कुणी शेतकरी, कुणी नोकरदार, कुणी दुकानदार. काही दिवस आपलं काम बाजूला ठेवून येतात आणि तिथे पुन्हा कामच करतात. तरी चेहरे बघितलेत कधी? थकलेले दिसतात, वैतागलेले दिसत नाहीत.

तर मंडळी, आजचा नेम छोटासाच घेऊया.

पहिलं, आज एक जेवण असं करायचं की ज्यात फोन नाही, टीव्ही नाही, उद्याच्या कामाचं बोलणं नाही. घरातल्या कुणाला यायला उशीर होत असेल तर जमलं तर त्याच्यासाठी थांबायचं. महाराज चार वाजेपर्यंत थांबले, आपण १५ मिनिटं थांबून बघू.

दुसरं, कामाच्या मध्ये कुणी पाणी मागायला आलं, म्हणजे बोलायला, भेटायला, काही विचायला आलं, तर घागर किती लांबून आणलीय ते मोजायचं नाही. घोटभर द्यायचं.

तिसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, की तुमचं काय राहून गेलं? ते सगळं देता येणार नाही. पण पहिला टप्पा देता येतो.

उद्या सहावा अध्याय, मक्याची कणसं. सकाळी चहाबरोबर वाचा, आणि शक्य असेल तर दोन कणसं भाजून घ्या.

माउली सर्वांची भाकर वेळेवर आणि गोड करो.

जय गजानन.